कुत्र्याची चामखीळ आणि औषधांचें यश

औषधांचा इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें देवी, पटकी, प्लेग, क्षय असे मोठमोठे रोग उभे राहतात. आज ज्या विकाराविषयीं मी बोलणार आहें, तो त्यांच्या पंक्तीस बसणारा नाहीं. तो माणसाचा विकार नाहीं, आणि ज्याला होतो तो प्राणीही त्यानें सहसा मरत नाहीं. कुत्र्याच्या, विशेषतः कोवळ्या वयाच्या कुत्र्याच्या, ओठांवर, जिभेवर, टाळूवर आणि कधीं कधीं अंगाच्या कातडीवर चामखिळींचे पुंजके उठतात, त्यांची ही हकीकत आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जो रोग रोग्याला मारतो, त्यांत औषधाचें अपयश झांकून राहत नाहीं. उलट जो रोग आपोआप बरा होतो, त्यांत औषधाचें यश मोजणें फार कठीण असतें. कुत्र्याच्या चामखिळींनीं पशुवैद्यांना गेलीं सव्वाशें वर्षें हाच धडा पुनः पुनः दिला आहे, आणि तो केवळ पशुवैद्यांपुरताच आहे असें नाहीं.

प्रथम हा विकार कसा दिसतो तें पाहूं. घरीं हौसेनें पाळलेलें पिल्लूं वर्षाच्या आंतबाहेरचें झालेलें असतें. एके दिवशीं त्याच्या ओठाच्या कडेला एक पांढुरकी, गुळगुळीत पुटकुळी दिसते. थोड्याच दिवसांत तिच्या शेजारीं दुसरी, तिसरी उठते. त्या खरखरीत होतात, आणि पाहतां पाहतां फुलकोबीच्या तुऱ्यांसारखे पुंजके तोंडभर पसरतात. क्वचित् त्यांची संख्या इतकी वाढते कीं जनावराला घांस चावतां येत नाहीं, लाळ गळते, रक्त येतें, तोंडाला दुर्गंधी सुटते. घरांतलीं माणसें घाबरून जातात. हा कर्करोग तर नव्हे ना? मुलांना लागणार तर नाहीं ना? दोन्ही शंकांचें उत्तर बहुतेक वेळां समाधानकारक असतें. या गांठींना शास्त्रांत पॅपिलोमा म्हणतात. त्या वाढतात, पण कर्करोगाप्रमाणें खालच्या मांसांत मुळें रोवून शरीरभर पसरत नाहींत. म्हणून त्यांना सौम्य अर्बुदें म्हणावयाचें. त्यांचें कारण असलेला विषाणु आपापल्या जातीच्या प्राण्यालाच चिकटून राहणारा आहे. कुत्र्याची चामखीळ माणसाला होत नाहीं. दुसऱ्या कुत्र्याला मात्र ती एका भांड्यांतून, एका चेंडूवरून, नाकाला नाक लावण्यानें सहज होते.

ही गोष्ट आज आपण सहज बोलून जातों. ती सिद्ध होण्यास मात्र एकोणिसावें शतक संपत यावें लागलें. १८९८ सालीं लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजांतील जॉन मॅक्फेडियन आणि फ्रेडरिक हॉब्डे या दोघा पशुवैद्यांनीं एका कुत्र्याच्या तोंडांतील चामखिळी घेऊन त्यांचा अंश निरोगी कुत्र्यांच्या तोंडांत खरवडलेल्या जागीं चोळला. कांहीं आठवड्यांनीं त्या जागीं तशाच चामखिळी उगवल्या. म्हणजे हा रक्तदोष नव्हता, अन्नदोष नव्हता; एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाणारें कांहीं तरी होतें. तें काय होतें हें मात्र त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्यासारखें नव्हतें.

कारण कळलें नव्हतें तरी औषधें थांबलीं नव्हतीं. चामखीळ डोळ्यांना दिसते, हाताला लागते. तेव्हां ती जाळावी, कापावी किंवा सुकवावी ही बुद्धि सर्व देशांत सारखीच झालेली दिसते. आपल्याकडे घोड्याच्या शेपटीचा केंस चामखिळीच्या देंठाला आवळून बांधावयाचा, चुना आणि सोडाखार लावावयाचा, हे प्रकार घरोघर ठाऊक आहेत. युरोपांतील पशुवैद्य कात्रीनें गांठी कापीत, आणि कापलेल्या जागीं कॉस्टिक, म्हणजे चांदीचा क्षार, फिरवीत. गांठी पुष्कळ असल्या कीं पोटांत घेण्याच्या औषधाकडे वळणें भाग पडे. आणि या औषधांत सोमलाचा मान मोठा होता. टॉमस फाउलर या इंग्रज वैद्यानें १७८६ सालीं सोमलाच्या द्रावणाचा पुरस्कार केला होता. त्याच्या नांवानेंच प्रसिद्ध झालेलें हें द्रावण पुढें शंभराहून अधिक वर्षें हिंवतापापासून त्वचारोगांपर्यंत सर्वांवर दिलें जाई, आणि माणसांच्या व जनावरांच्या चामखिळीही त्यांतून सुटल्या नाहींत.

हें औषध घेऊन चामखिळी गेल्याचे दाखले वैद्यांजवळ होते, आणि ते खोटे नव्हते. चामखिळी खरोखरच गेल्या होत्या. परंतु १८८८ सालीं जोनाथन हचिन्सन या लंडनच्या शल्यवैद्यानें असें दाखवून दिलें कीं, दीर्घकाल सोमल घेणाऱ्या माणसांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण खडे उठतात, आणि त्यांतून कांहींना त्वचेचा कर्करोग होतो. त्वचेच्या निरुपद्रवी गांठींवर जें औषध म्हणून दिलें जात होतें, तेंच त्वचेच्या घातक गांठींना जन्म देणारें होतें. तरीही तें औषध लगेच मागें पडलें नाहीं. ज्याच्या नांवावर यशाचे इतके दाखले जमा आहेत, तें सोडवत नाहीं.

हे दाखले कसे जमतात याचा उलगडा पुढील संशोधनानें झाला. १९०७ सालीं इटलींतील ज्युसेप्पे च्युफो यानें माणसाच्या चामखिळींचा रस जंतु अडवून धरणाऱ्या बारीक गाळणींतून गाळला, तो स्वतःच्या हातावर टोंचून घेतला, आणि तेथें चामखीळ उठल्याचें प्रसिद्ध केलें. जंतूंहूनही सूक्ष्म अशा विषाणूचें हें काम आहे, अशी दिशा त्यावरून मिळाली. कुत्र्याच्या बाबतींत हेंच काम १९३२ सालीं अमेरिकेंत नॅशव्हिल येथील व्हॅंडरबिल्ट विद्यापीठांत डिमॉनब्रन आणि गुडपाश्चर यांनीं केलें. गाळलेल्या रसानेंही पिल्लांच्या तोंडांत चामखिळी उठतात हें त्यांनीं दाखविलें, आणि पुढें काय होतें तें त्यांनीं धीरानें पाहिलें. रस लावल्यापासून सुमारें महिन्याभरानें गांठी दिसूं लागतात, त्या वाढतात, कांहीं आठवडे तशाच राहतात, आणि नंतर सुकून गळून पडतात. ज्या कुत्र्यांच्या गांठी अशा गेल्या, त्यांना तोच रस पुनः लावला तरी त्या परत उठत नाहींत. शरीरानें स्वतःच शत्रूला ओळखून त्याचा बंदोबस्त केलेला असतो.

श्रोतेहो, आतां या माहितीच्या प्रकाशांत जुन्या दाखल्यांकडे पाहा. चामखीळ दिसल्याबरोबर कोणी पशुवैद्याकडे धांवत नाहीं. कांहीं दिवस वाट पाहिली जाते, शेजाऱ्यांचे उपाय होतात. पुंजके भरगच्च झाले, जनावर खाईनासें झालें, म्हणजे औषधाची वेळ येते. आणि नेमकी तीच वेळ बहुधा शरीराच्या विजयाची असते. लढाई आंत जिंकली जात असतांना बाहेरून औषध पोंचतें आणि विजयाची मिरवणूक त्याच्या नांवानें निघते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडावी, यालाच आपले नैयायिक काकतालीय न्याय म्हणत आले. कावळ्याला फांदी मोडल्याचा अभिमान वाटला तर तें समजण्यासारखें आहे. पाहणाऱ्यानें मात्र फांदी आधींच किडलेली होती कीं काय हें पाहावयास हवें.

तें पाहण्याची रीत एकच. एकाच रोगाचे रोगी घ्यावयाचे. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करावयाचे. एका गटाला औषध द्यावयाचें, दुसऱ्याला औषधासारखें दिसणारें निर्गुण द्रव्य द्यावयाचें. आणि कोणाला काय दिलें हें परीक्षा करणाऱ्यालाही कळूं द्यावयाचें नाहीं. माणसांच्या वैद्यकांत चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या पद्धतीचा मोठा नमुना म्हणजे १९४८ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची परीक्षा. कुत्र्याच्या चामखिळींपर्यंत ही रीत पोंचण्यास आणखी साठ वर्षें लागलीं. दरम्यानच्या काळांत एकामागून एक औषधें आलीं, आणि प्रत्येकानें आपापले दाखले जमविले.

त्यांतला एक मार्ग लशीचा होता. जनावराचीच गांठ काढून, वाटून, तिच्यांतील विषाणु मारून, तोच रस त्याला टोंचावयाचा. कल्पना आकर्षक होती, आणि टोंचल्यानंतर गांठी जात. पण न टोंचतांही त्या जात असल्यामुळें हिशेब पूर्ववत् अनिर्णीतच राहिला. कांहीं गांठी चिमट्यानें चिरडल्या असतां बाकीच्या झडतात, असाही एक समज पशुवैद्यांत रूढ झाला. त्याची अवस्था हीच. रोग झाल्यावर लस उपयोगी पडते कीं नाहीं हें संशयास्पद राहिलें. रोग होण्यापूर्वीं टोंचलेली लस मात्र खरोखर रोग टाळते असें दिसून आलें. तेथेंही एक अनर्थ घडला. प्रयोगासाठीं पाळलेल्या बीगल जातीच्या कुत्र्यांना विषाणु न मारतां जिवंत लस टोंचण्यांत येत असे. त्यांतील थोड्या कुत्र्यांच्या कातडीवर, नेमक्या टोंचलेल्या जागीं, गांठी उठल्या, आणि त्यांत कर्करोगाच्याही गांठी होत्या. ही हकीकत १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. तोंडांत जो विषाणु बहुधा सौम्य राहतो, तोच भलत्या जागीं टोंचला असतां घातक ठरूं शकतो, हें त्यावरून कळून आलें.

या धोक्यांतून वाट निघाली ती अशी. विषाणूचें बाहेरचें कवच ज्या एका प्रथिनाचें बनलेलें असतें, तेवढेंच प्रथिन निराळें तयार केलें, तर तें आपोआप जुळून विषाणूच्या आकाराचें पोकळ कवच बनतें. त्याच्या आंत रोग निर्माण करणारा मूलद्रव्याचा भाग मुळींच नसतो. १९९१ सालीं ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड विद्यापीठांत इयान फ्रेझर आणि जियान झोउ यांनीं माणसाच्या अशाच विषाणूचें पोकळ कवच तयार करून दाखविलें. परंतु अशी लस एखाद्या प्राण्याच्या तोंडासारख्या ओलसर त्वचेचें रक्षण करील काय? हा प्रश्न माणसांवर आधीं विचारतां येण्यासारखा नव्हता. तो विचारला गेला कुत्र्यावर. १९९५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं कीटकांच्या पेशींत तयार केलेलें कुत्र्याच्या विषाणूचें पोकळ कवच बीगल पिल्लांना टोंचलें आणि नंतर त्यांच्या तोंडांत खरा विषाणु चोळला. लस टोंचलेल्या पिल्लांना चामखिळी उठल्या नाहींत. इतकेंच नव्हे, तर त्यांच्या रक्तांतील संरक्षक प्रतिद्रव्यें दुसऱ्या कुत्र्यांना टोंचलीं असतां तींही सुरक्षित राहिलीं.

या प्रयोगाचें महत्त्व कुत्र्यांपुरतें नव्हतें. जर्मनींतील हाराल्ड त्सूर हाउझेन यांनीं १९८३ सालीं गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगांत याच कुळांतील मानवी विषाणु ओळखून काढला होता. त्या कामाबद्दल त्यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. स्त्रियांना त्या कर्करोगापासून वांचविणारी लस २००६ सालीं वापरांत आली. ती ज्या प्रयोगांच्या आधारावर उभी राहिली, त्यांत कुत्र्याच्या तोंडांतील चामखिळींचा प्रयोग एक प्रमुख आधार होता. याच तत्त्वावर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या लशीला २०२२ सालीं आपल्या देशांत मान्यता मिळाली. महाराष्ट्रांतील एखाद्या मुलीच्या दंडावर ती लस टोंचली जाते, तेव्हां त्या संरक्षणांत मुक्या पिल्लांचाही वांटा असतो.

आतां पुनः मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ज्याला चामखिळी झाल्याच आहेत त्या कुत्र्याच्या औषधाकडे येऊं. लस त्याच्या कामीं फारशी येत नाहीं. १९५७ सालीं आयझॅक्स आणि लिंडनमन यांनीं विषाणूंना अटकाव करणारें इंटरफेरॉन हें शरीरांतीलच द्रव्य शोधून काढलें, आणि कालांतरानें तें हट्टी चामखिळींवरही वापरलें जाऊं लागलें. जीवनसत्त्व अ याच्या कुळांतील आयसोट्रेटिनॉइन हें औषध १९८२ सालीं अमेरिकेंत माणसांच्या तारुण्यपीटिकांसाठीं मान्य झालें. कुत्र्यांत आणखी एक सौम्य अर्बुद असें असतें कीं तें विषाणूनें न होतां केंसांच्या मुळांपासून निघतें, आणि पाठीवर, मानेवर डझनांनीं गांठी उठतात. त्यांत शस्त्रक्रिया कोठें कोठें करावयाची? अशा कुत्र्यांत हीं अ-कुलीन औषधें उपयोगी पडल्याचे अनुभव १९९३ सालीं प्रसिद्ध झाले. येथें आपोआप बरें होण्याचा भ्रम कमी. म्हणून त्या यशाचें वजनही अधिक. मात्र हें औषध गर्भाला अत्यंत घातक आहे, तेव्हां घरांतील गर्भवती स्त्रीनें त्याच्या गोळीला हातही लावूं नये. १९९७ सालीं इमिक्विमॉड हें मलम माणसांच्या चामखिळींसाठीं मान्य झालें आणि तेंही कुत्र्यांच्या कातडीवर येऊन पोंचलें. तें जागच्या जागीं शरीराच्या संरक्षक पेशींना जागें करतें. कुत्रें तें चाटून टाकतें ही त्यांतली साधी पण खरी अडचण.

यांतील कोणत्याही औषधाची कुत्र्याच्या तोंडांतील चामखिळींवर दोन गट करून कसोशीनें परीक्षा झालेली नव्हती. ती २००८ सालीं तुर्कस्तानांतील पशुवैद्यांनीं प्रसिद्ध केली, आणि ज्या औषधाची केली तें अनपेक्षित होतें. अझिथ्रोमायसीन हें जंतुनाशक प्रतिजैविक युगोस्लाव्हियांतील झाग्रेब येथील शास्त्रज्ञांनीं १९८० च्या सुमारास तयार केलें होतें. तें जंतूंवर चालतें. विषाणूंवर चालण्याचें त्याला प्रथमदर्शनीं कांहींच कारण नाहीं. तरीही १७ कुत्रीं घेण्यांत आलीं. त्यांपैकीं १० कुत्र्यांना हें औषध दहा दिवस देण्यांत आलें, ७ कुत्र्यांना निर्गुण द्रव्य. कोणाला काय दिलें हें परीक्षकांपासून गुप्त ठेवलें. औषध घेतलेल्यांच्या गांठी १० ते १५ दिवसांत नाहींशा झाल्या. दुसऱ्या गटांत एका कुत्र्याच्या गांठी ४१ व्या दिवशीं गेल्या. उरलेल्या सहांच्या पन्नासाव्या दिवशींही तशाच होत्या.

या आंकड्यांचें मोल त्या सात कुत्र्यांत आहे, हें लक्षांत घ्या. त्या दहांच्याच हकीकती सांगितल्या असत्या, तर फाउलरच्या द्रावणाच्या दाखल्यांत आणखी दहांची भर पडली असती. ज्यांना औषध मिळालें नाहीं त्यांनींच औषधाच्या बाजूनें साक्ष दिली. तथापि सतरा ही संख्या लहान आहे. विषाणूंचे प्रकार अनेक आहेत. आणि जंतूंवरचें औषध विषाणूच्या गांठी कशी घालवितें याचा उलगडा अद्याप समाधानकारक झालेला नाहीं. कदाचित् तें शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच चाळवीत असेल. शिवाय एक मोठी बाजू हिशेबांत धरली पाहिजे. अझिथ्रोमायसीन हें आपल्या देशांत विषमज्वरासारख्या रोगांत लागणारें औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें तें जपून वापरावयाच्या प्रतिजैविकांच्या वर्गांत घातलें आहे, कारण सढळ हातानें वापरल्यास जंतु त्याला निर्ढावतात. जी गांठ दोन-तीन महिन्यांत आपोआप जाणार, तिच्यासाठीं पुढल्या रोग्याच्या उपयोगाचें औषध आज बोथट करावें काय, हा प्रश्न प्रत्येक पशुवैद्यानें आणि प्रत्येक धन्यानें स्वतःला विचारला पाहिजे.

मग औषध केव्हां द्यावयाचें? घांस गिळतां येत नसेल, गांठी चिघळत असतील, किंवा तीन महिने उलटूनही त्या हटत नसतील, तर उपचार अवश्य करावा. तो पशुवैद्याच्या विचारानेंच करावा. माणसांच्या कपाटांतील गोळ्या उचलून देऊं नयेत. कुत्रें वयस्क असेल, गांठ एकटी, काळपट आणि वाढती असेल, तर तिचा तुकडा तपासून घ्यावा, कारण क्वचित् अशा गांठींत कर्करोग लपलेला असतो. आणि कित्येकदां नवें औषध देण्याऐवजीं जुनें औषध कमी करणें हाच उपाय ठरतो. खाजेसाठीं प्रेड्निसोलोन किंवा सायक्लोस्पोरिन दीर्घकाल चालूं असेल, तर शरीराची संरक्षक फौज निजलेली राहते आणि चामखिळींना मोकळें रान मिळतें. तींही पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच कमी करावयाचीं. बाकीच्या बहुसंख्य पिल्लांना मऊ अन्न, दुसऱ्या कुत्र्यांपासून कांहीं काळ अंतर आणि धन्याची शांत नजर एवढें पुरतें.

वाट पाहणें हें औषध नाहीं असें आपल्याला वाटतें, कारण त्याची बाटली नसते आणि त्याचें यश कोणाच्या नांवावर जमा होत नाहीं. पण एखादें औषध घेऊन अमक्याचा रोग गेला, असें जेव्हां कोणी मोठ्या विश्वासानें सांगतो, तेव्हां औषध न घेतलेल्या अमक्याचें काय झालें हें विचारण्याची संवय आपण ठेवावी. हा प्रश्न विचारावयास वैद्य असण्याची गरज नाहीं. सोमलाच्या काळांत तो वेळेवर विचारला गेला असता, तर पुष्कळ माणसें आणि जनावरें त्या विषापासून वांचलीं असतीं.